वीसपैकी वीस

येलहंका, बंगलोर
१२ जून १९९९

दादा,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी आईच्या हातातून घ्यावं लागेल, आणि ती सहजासहजी देणार नाही. आई, चष्मा लाव आणि सगळं वाच. काही गाळू नकोस. दिवाळीच्या पत्रातला माझा राग गाळून तू त्याला फक्त खुशाली वाचून दाखवलीस, हे तूच फोनवर कबूल केलंस. माझी खुशाली ऐकून त्याला काय करायचंय?

तर दादा, दोन वर्षं आपण बोललो नाही. कारण तुलाही माहीत आहे, मलाही आहे, तरी लिहून टाकते. बँकेच्या परीक्षेला मी तुझी रायटर होते. मी प्रश्न आणि चारही पर्याय वाचायचे, तू उत्तर सांगायचास, मी खूण करायचे. तू पास झालास. नोकरीचं पत्र आलं. आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि तू म्हणालास, "मी जाणार नाही." का, ते सांगितलं नाहीस. गल्लीत लोक कुजबुजत होते की पेपर बहिणीनेच सोडवला. तू तेच मनाला लावून घेतलंस, असं मी धरून चालले. मग मी तुला जे बोलले ते बोलले. "आयता घास भरवायला आता मी नाही" हे त्यातलं सगळ्यात वाईट. आई, हेही वाच.

आता कामाचं. आमची संस्था एक अभ्यासक्रम इंटरनेटवर आणते आहे. ऑफिसात लागणारी आकडेमोड, तक्ते, आलेख, थोडं संगणकाचं, सगळं इंग्रजीत. गावोगावच्या केंद्रांत जाऊन मुलांनी पडद्यावर धडे वाचायचे, तिथेच परीक्षा द्यायची. नागपूरचंही नाव यादीत आहे. धड्यांची पानं बनवायचं काम माझ्याकडे आहे. तुमच्या अंधविद्यालयात पडदा वाचून दाखवणारा संगणक आलाय, असं आई म्हणाली. त्याच्यावर ही पानं तुला ऐकता येतील. कुणी वाचून दाखवायला नको. मी नको, आई नको, कुणीच नको.

फी मी भरणार नाही. तुझी तू भर. नाव घाल एवढंच म्हणते. आमचे सर या बाबतीत अगदी तयार आहेत.

आसावरी


येलहंका
१७ जुलै

दादा,

तू अर्ज भरलास हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी अहल्याक्कांच्या स्वयंपाकघरात होते. फोन तिथेच असतो, डब्यांच्या फळीवर. अहल्याक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं, पण बोलतात मराठीच. त्यांची मराठी ऐकशील तर हसून लोळशील. "स्वल्प थांब गं, तुझ्या आईस माझा नमस्कार सांग, सरी?" असं. सरी म्हणजे बरं का. मी फोन ठेवला आणि रडले. त्यांना वाटलं कुणी गेलं. त्यांनी मला पाटावर बसवून आधी कॉफी पाजली आणि मग विचारलं, "कोण?" मी म्हटलं, कुणी गेलं नाही, माझ्या भावाने अर्ज भरलाय. त्या म्हणाल्या, "मग मला असं भ्यावतीस कशाला?"

आता खरं सांगते. मागच्या पत्रात सर तयार आहेत असं लिहिलं ते खोटं होतं. तेव्हा मी त्यांना विचारलंही नव्हतं.

पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची एक नमुना प्रत मी मिळवली. ती थोडा वेळ चालते आणि बंद पडते, मग संगणक पुन्हा चालू करावा लागतो. मॉनिटर बंद केला, कानाला हेडफोन लावले आणि आमचा पहिला धडा ऐकला. दादा, त्या धड्यात मला काय ऐकू आलं असेल? "चित्र. चित्र. चित्र. लिंक. चित्र." आम्ही सगळी पानं सुंदर दिसावीत म्हणून मथळे, तक्ते, आलेख, सगळं चित्र करून टाकलेलं. महिनोन्महिने खपून मी असा धडा बनवला होता की तुझ्यासाठी त्यात काहीच नव्हतं. मला शिसारी आली.

रविकिरण सरांकडे गेले. हे मुंबईचे, वाईट माणूस नाही, पण सदा घाईत. म्हणाले, "आसावरी, प्रॅक्टिकल हो यार. असे स्टुडंट्स किती येणार? लाँच तोंडावर आहे." मी म्हटलं, दार बंद ठेवून कुणी येत नाही म्हणायचं, ही कुठली रीत? ते म्हणाले, "भाषण नको, टाइम सांग." मी म्हटलं, मजकूर मजकूर म्हणून टाकते आणि प्रत्येक चित्राच्या मागे त्याचं वर्णन लिहिते. डोळ्यांना दिसणार नाही, पण सॉफ्टवेअर ते वाचेल. माझ्या वेळात करते. "तुझ्या वेळात ना? मग कर."

ऑफिस महादेवपुऱ्याला आहे, तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात. त्या बसमध्ये मांडीवर कागद घेऊन मी वर्णनं लिहिते. धड्यांची झाली, आता परीक्षेच्या प्रश्नांची लिहिते आहे. सुटसुटीत, नेमकी. तुला गोल गोल बोललेलं आवडत नाही. वाचताना मी फापटपसारा करायला लागले की तू टेबलावर बोट वाजवायचास, आठवतं? ते बोट मला बसमध्येही ऐकू येतं.

तू माझा भाऊ आहेस हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही.

आसावरी


येलहंका
२८ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं. आईचं अक्षर, तुझं वाक्य. "पहिल्या परीक्षेत वीसपैकी वीस मिळाले. उत्तरं पाठवल्याबद्दल आभार. यापुढे मी केंद्रावर जाणार नाही." खाली आईने बारीक अक्षरात आपलं घातलंय: "हा काहून असा करते गं, इतके छान मार्क मिळाले तर."

मला आधी काही कळलंच नाही. मग ऑफिसात जाऊन मॉनिटर बंद केला आणि ती परीक्षा पहिल्यापासून ऐकली.

प्रश्न असा होता: खालच्या आलेखात सायकलींची विक्री कोणत्या महिन्यात सर्वांत जास्त आहे? त्याखाली आलेखाचं चित्र. त्या चित्राचं मी लिहिलेलं वर्णन: "मार्च महिन्यात सायकलींची विक्री सर्वांत जास्त असल्याचे दाखवणारा आलेख." पुढे चार पर्याय. पुढचा प्रश्नही तसाच. त्याच्या पुढचाही. डोळस मुलांना स्तंभ बघून, ताडून उत्तर काढावं लागत होतं आणि तुला मी ताटात वाढलं होतं. सगळेच्या सगळे.

मी मुद्दाम केलेलं नाही. हे वाक्य लिहिताना मला माझीच लाज वाटते, कारण मुद्दाम करणारा माणूसही हेच म्हणेल. अरे, चित्र बघितलं की मला त्यातलं जे कळायचं ते मी लिहून मोकळी व्हायचे. धड्यात ते चालतं, धडा समजावण्यासाठीच असतो. परीक्षेत तेच विचारलेलं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तपासायला तीन माणसं होती, पण तिघांनाही दिसतं. चित्रामागचं वर्णन कुणी वाचायचं?

आणि आता तू म्हणशील, ही तर हिची जुनी खोड. म्हण. पण एक मीही विचारते. बँकेच्या पेपरात मी एक खूणसुद्धा तुझ्या सांगण्यावाचून केली नव्हती. एकही नाही. काही ठिकाणी तू चुकीचं सांगतोयस हे मला कळत होतं तरी मी मन मारून तू सांगशील तिथेच खूण केली. ज्या बहिणीने एवढं केलं तिच्याबद्दल गल्लीतल्या रिकामटेकड्यांचं ऐकून तू हातची नोकरी सोडलीस. दोन वर्षं मी हे गिळून बसले आहे. आई, गाळलंस तर मी पुन्हा फोन करणार नाही.

इथलंही ऐक. माऊस चित्रावर नेला की ते वर्णन बारीक पिवळ्या पट्टीत सगळ्यांनाच दिसतं. बंगलोरच्या केंद्रातल्या दोन पोरांना ते सापडलं आणि मग सगळ्या वर्गाला. सरांनी निकालांची यादी काढली. नागपूरचा एक जण वीसपैकी वीस. माझं आडनाव आणि त्याचं आडनाव एकच. त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "रिलेटिव्ह?" मी म्हटलं, भाऊ. "त्याला दिसत नाही?" नाही. त्यांनी यादी परत आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

परीक्षा रद्द झाली आहे. सगळ्यांची.

आसावरी


येलहंका
१९ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. आई म्हणते, सगळं वाचून दाखवलं आणि तू उठून गच्चीवर गेलास. ठीक आहे. मी लिहिते, तू ऐक.

सरांनी तोडगा काढला होता. परीक्षेतली सगळी वर्णनं काढून टाकायची आणि ज्यांना दिसत नाही त्यांना चित्रांचे प्रश्न माफ. त्या प्रश्नांचे गुण आपोआप द्यायचे. "उगाच डोक्याला ताप नको. सगळे खूश." मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ खूश होणार नाही. म्हणाले, "त्याला विचारलंस?" मी म्हटलं, विचारायची गरज नाही. माफीचे गुण घेणारा असता तर आज बँकेत खुर्चीवर बसला असता.

मग मी भांडले. ऑफिसात इतक्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले, शेजारच्या टेबलावरची श्वेतासुद्धा दचकली. मी म्हटलं, चूक वर्णनाची नाही, माझ्या वर्णनाची आहे. मला नव्याने लिहू द्या, आणि ती माझ्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाऊ द्या. शेवटी सर म्हणाले, नव्या परीक्षेआधी झाली तर ठेवू. नाही झाली, किंवा पुन्हा काही घोळ निघाला, तर माफी. आणि मग पुढच्या सगळ्या अभ्यासक्रमांतही माफीच. म्हणजे हे आता तुझ्यामाझ्यापुरतं राहिलेलं नाही.

काम वाटलं त्याहून अवघड निघालं. दिसतं तेवढंच सांगायचं, कळतं ते सांगायचं नाही. करून बघ! "मार्चचा स्तंभ सर्वांत उंच" म्हटलं की संपलं. मग लिहिलं: जानेवारीचा स्तंभ चाळीसच्या रेघेपर्यंत, फेब्रुवारीचा तीस आणि चाळीसच्या मधोमध, मार्चचा साठच्या जरा खाली, एप्रिलचा पन्नासवर. आता ऐकणाऱ्यालाही बघणाऱ्याइतकंच ताडावं लागतं. एकेका चित्राला मला चार-पाच कागद लागतात. मन सारखं उत्तराकडे धावतं. त्याला आवरून धरायचं म्हणजे सुटलेलं वासरू दाव्याला बांधण्यासारखं आहे.

अहल्याक्कांवर प्रयोग करते. त्या मेथी निवडत बसतात, मी समोर बसून वर्णन मराठीत करून वाचते आणि प्रश्न विचारते. परवा त्यांनी एकाचं उत्तर चुकीचं दिलं. मी आनंदाने उठून टाळीच वाजवली. चुकलं, म्हणजे प्रश्न प्रश्नच राहिला होता! त्या रागावल्या. "मी चुकल्यास तुला एवढा आनंद? नाहीच सांगत जा." दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाल्या, "आण गं तुझे ते खांब. आज बघते."

श्वेता सगळं तपासते आहे. परीक्षा ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी. तू ये असं मी म्हणत नाही. म्हणजे म्हणतेय, पण ते माझ्यासाठी नव्हे. तू आला नाहीस तर नागपूरच्या केंद्रावर ही परीक्षा ऐकून देणारं कुणीच नसेल, आणि सर म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो? आणि त्यांचं खोडून काढायला माझ्याकडे काही नसेल.

एवढं बोलून झाल्यावर खरं ते सांगते. मला तू हवा आहेस. तू घरात बसून राहिलास तर माझं इथे कशातच लक्ष लागत नाही.

आसावरी


बंगलोर
२४ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र आई वाचत नाहीये. तुझा संगणक वाचतो आहे, माझ्या रोमन अक्षरांतल्या मराठीचे इंग्रजी उच्चार करत. तुला ते कसं ऐकू येतंय देव जाणे. तुझी ईमेल मात्र मी डोळ्यांनी वाचली. इतक्यांदा वाचली की पाठ झाली. चुकून पुसली जाऊ नये म्हणून इथे पुन्हा उतरवते.

"आशे, हे मी स्वतः टाइप केलंय. शेजारी कुणी नाही. आईच्या हातून हे लिहवून घेणं मला जमलं नसतं, म्हणून दोन वर्षं लिहिलं नाही. तिने पेढे वाटले होते.

"गल्लीतले लोक काय म्हणाले त्याचं मला काही नव्हतं. तू एक खूणही बदलली नाहीस हे मला माहीत आहे. पण तू पर्याय वाचायचीस ना, तेव्हा बरोबर पर्यायाच्या आधी तू किंचित थांबायचीस. तुला स्वतःला कळत नव्हतं. मी लहानपणापासून तुझ्या आवाजावर शिकलो, मला कळायचं. परीक्षेत मी न ऐकण्याचा प्रयत्न केला. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतंच, कान मिटता येत नाहीत. काही उत्तरं माझी होती, काही तुझ्या थांबण्याची. किती कुणाची, ते मला आजही सांगता येत नाही. त्या नोकरीवर मी कसा जाणार होतो? आणि तुला काय सांगणार होतो? तू काहीच केलेलं नव्हतंस.

"म्हणून वीसपैकी वीस ऐकून डोकं फिरलं. वाटलं, आता संगणकातूनही आशीच थांबते आहे.

"नवी परीक्षा दिली. या यंत्राचा आवाज म्हणजे नाकातून बोलणारा कंडक्टर. पण तो चारही पर्याय सारखेच वाचतो. वीसपैकी तेरा मिळाले. केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, मागच्यापेक्षा कमी झाले हो. मी घरी येईपर्यंत रस्त्याने हसत होतो. आईला वाटलं नापास झालो आणि भ्रमिष्ट झालो. सात कोणते चुकले ते कळवू नकोस. दुसऱ्या परीक्षेला मी बसतोय."

दादा, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. अपमान वाटला. ज्या आवाजाने तुला सहावीपासून बी.ए.पर्यंत आणलं, घसा बसेपर्यंत वाचलं, त्याच्यापेक्षा तुला नाकात बोलणारा कंडक्टर बरा! मी मनात म्हटलं, हे सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत. मी अशी थांबत नाही. मग अहल्याक्कांचा टेपरेकॉर्डर मागून आणला, दार लावलं आणि जुन्या परीक्षेतले प्रश्न मोठ्याने वाचून टेप केले. कुणाला कळणार नाही असे, सरळ, एका सुरात. मग ऐकलं.

थांबते. प्रत्येक वेळी. इतकं बारीक की परक्याला कळणार नाही, पण थांबते. जणू दाराशी उभी राहून सांगते आहे, इथे, इथे.

मी खूप रडले. तुझ्यावरचा राग कुठे गेला कळलं नाही. तू दोन वर्षं हे एकट्याने धरून बसलास, मी तुला आयतं खाणारा म्हणाले तरी बोलला नाहीस, कारण बोललास तर मला टोचलं असतं आणि आईच्या पेढ्यांची माती झाली असती. आणि मी समजत होते की मीच काय ती सोसते आहे.

रविकिरण सरांना तुझे तेरा गुण दाखवले. ते म्हणाले, "गुड. नॉर्मल आहे." एवढंच, पण वर्णनं राहिली. पुढच्या अभ्यासक्रमातही लिहायची आहेत, तशी सूचना निघाली आहे.

दुसऱ्या परीक्षेची वर्णनं मात्र मी लिहिणार नाही. ती श्वेता लिहिते आहे, मी सरांना तसं सांगून टाकलं. तुझा पेपर मी आधी बघणार नाही. त्या दिवशी फोनही करणार नाही, नाहीतर "हॅलो" म्हणतानाही कुठेतरी थांबेन.

सात कोणते चुकले ते मला माहीत आहे. यादी माझ्या टेबलावर आहे. त्यातले दोन तर तुझ्या हातचे होते, नुसती घाई केलीस. सांगायला जीभ शिवशिवते आहे, खरंच. पण मी सांगणार नाही.

तुझी
आशी